आवळ्याच्या बरणीतले झिंगे

१

स्पृहाला किळस द्यायची देव विसरला, असं तिची सासू शोभनाताई चारचौघांत सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मालवणात वाढलेली मुलगी. कोळंबीचा काळा धागा नखाने ओढावा, बांगड्याच्या पोटात बोट घालून आतडं एका झटक्यात बाहेर काढावं, हात धुवावेत आणि त्याच हातांनी भाकरी थापायला बसावं, हे तिने शाळेत असल्यापासून केलेलं. अशी मुलगी नोकरीसाठी इंदूरला आली, शार्दूलच्या प्रेमात पडली आणि छत्रीबागेतल्या अशा घरात सून होऊन बसली, जिथे अंड्याचं नाव निघालं तरी सासूबाई खिडकी उघडायच्या. यालाच नशीब म्हणतात.

कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. समुद्र कुठल्या कुठे, पण तिचा जीव समुद्रातच अडकलेला. तिच्या जुन्या सरांनी तिला एक बाटली पाठवली होती. पार दक्षिणेकडच्या समुद्राच्या तळातून, जिथलं पाणी जेमतेम गोठायचं राहिलेलं असतं, तिथून जाळ्याने खरवडून आणलेले प्राणी तीत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले होते. कोळंबीच्या लांबच्या भावकीतले, अँफिपॉड म्हणतात तसले. बोटाच्या पेराएवढे, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यासारखे चपटे, पाठीत वाकलेले, रंग शिळ्या भाताचा. डोळे नाहीत. हे आजवर कुणी पाहिलेले नाहीत, ही जातच नवी आहे, हे स्पृहाने पहिल्याच दिवशी ताडलं आणि त्या रात्री तिला झोप आली नाही.

नवी जात जगापुढे आणायची म्हणजे नुसतं नाव देऊन भागत नाही. एक चांगला नमुना घ्यायचा. त्याच्या डाव्या अंगाचे सगळे पाय, जबडे, मिशा सुईने एकेक सोडवायच्या, काचेवर ग्लिसरीनच्या थेंबात मांडायच्या, आणि सूक्ष्मदर्शकातून बघत प्रत्येक सांधा, प्रत्येक केस कागदावर उतरवायचा. उजवं अंग तसंच ठेवायचं, पुढे कुणाला पडताळायचं असेल तर. मग पोट उघडायचं, प्राणी काय खातो ते पाहायचं. महिनोन् महिने चालणारं काम. स्वतःचं नाव जातीला द्यायचं नसतं, तो उर्मटपणा समजतात. म्हणून तिने नवऱ्याचं द्यायचं ठरवलं.

"मतलब आता माझ्या नावाचा किडा असणार?" शार्दूल खूश होऊन म्हणाला. "अरे भिया! राजवाड्यावर पोस्टरच लावून टाकतो."

"किडा नाही. झिंग्याचा नातेवाईक."

"चालेल. आईला फक्त नातेवाईक नको सांगू."

२

कॉलेजचा फ्रिज जानेवारीत बंद पडला. बाटली थंड ठेवणं भाग होतं, नाहीतर पेशींची तपासणी पुढे होणार नव्हती. स्पृहाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि बर्फाच्या ट्रेमागे सारून दिली. दोन-चार दिवसांत नेऊ, कुणाला कळतंय, असा तिचा हिशेब. सासूच्या फ्रिजमध्ये सुनेने काही लपवावं आणि ते सापडू नये, असं आजवर कुठल्या घरात झालंय?

दुसऱ्या दिवशी घरी देवीचं बोडण होतं. स्पृहा कॉलेजातून आली तेव्हा ओट्यावर तिची बाटली धुऊन पालथी घातलेली होती.

"आई, यातलं काय झालं?"

"बेटा, किडे एक बार मी चालवून घेतले असते," शोभनाताई म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. "पण दारू? घरात बोडण, कुमारिका जेवायला येणार, आणि माझ्या फ्रिजमध्ये दारू? मी टाकून दिली सगळी. नाली के हवाले."

"ती दारू नव्हती, आई. स्पिरिट होतं."

"वास मला कळतो. तुझे झिंगे मात्र फेकले नाहीत हं. तुझी मेहनत आहे, मला समजत नाही का? जुन्या गाळणीतून गाळले, नाक धरून, आणि गाळणी फेकली. आवळे ठेवते ना मी, तसे कडक मिठाच्या पाण्यात घालून ठेवलेत. वर्षभर काही होत नाही, लिहून घे."

खरंच, चिनी मातीची आवळ्याची बरणी कोपऱ्यात उभी होती, तोंडाला दादरा बांधलेला, शोभनाताईंची ती जगप्रसिद्ध दुहेरी गाठ मारलेली. स्पृहाला आधी रडू आलं आणि मग हसू. पडताळणीसाठी राखलेले काही नमुने कॉलेजात वेगळ्या कुप्यांत होते, म्हणजे सगळंच बुडालं नव्हतं. पण नवं स्पिरिट कॉलेजच्या परवान्यावर यायचं, आणि परवाना सरकारी टेबलावर झोपलेला.

तोडगा शार्दूलने काढला. तो सांवेर रोडवरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता. "माझ्याकडे ठेव ना. मटारच्या चेंबरमध्ये कोपरा रिकामा आहे. टेन्शन कशाला घेतेस?"

३

मटारचं चेंबर म्हणजे बिनखिडक्यांची मोठी खोली. जाड दार, आत प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, तो अंगाला लागला की ओल्या हातासारखा वाटायचा. वर पंख्यांची अखंड घरघर. मटारची पोती छतापर्यंत रचलेली. त्यांच्यामागे स्पृहाने बरणी ठेवली. पाण्यात मीठ इतकं होतं की तिथल्या थंडीतही ते गोठेना.

मग एक रीत पडून गेली. काही दिवसांनी शार्दूल थर्मासमध्ये चार-पाच नमुने काढून आणायचा आणि ती कॉलेजात बसून त्यांची चिरफाड करायची.

"हातमोजे घालू का गं? चिमट्यात सापडत नाहीत, साले निसटतात."

"कशाला? स्पिरिट तर आईंनी ओतलं. नुसतं मिठाचं पाणी आहे. बोटांनी काढ."

हे तीच म्हणाली होती. पुढे तिला दुसरं काही आठवलं नाही तरी हे वाक्य आठवायचं.

पहिला नमुना ताटलीत घेतला तेव्हाच तिला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. सवयीने तिने नाकाशी नेला. शिळी कोळंबी मालवणची मुलगी उंबऱ्यावरूनच ओळखते. याला शिळा वास नव्हता. पहाटे होडीतून उतरवलेल्या मासळीला येतो तसा, थंड, गोडसर, ताजा वास होता. स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला प्राणी लाकडासारखा ताठ होतो, सांधा वाकवला की तुटतो. याचे पाय सुईने उचलले की उचलले जायचे आणि सोडले की हळूच पोटाशी परत जायचे.

मिठाने मऊ पडले असतील, तिने स्वतःला समजावलं. मीठ मासा टिकवतं, हे मालवणवाल्यांनी कुणाला विचारायचं? फक्त खारवलेला मासा गल्लीच्या टोकापर्यंत घमघमतो, एवढंच ती विचारात घ्यायची विसरली. किंवा विसरली नाही, कानाडोळा केला. कारण चित्रं फार सुरेख उतरत होती. इतके सुटे, इतके अखंड अवयव तिला कधीच मिळाले नव्हते.

४

पोट उघडायची वेळ आली. जठर म्हणजे बारीकशी पिशवी. तिने दोन सुयांनी ती फाडली आणि आतून हिरवा लगदा बाहेर आला.

स्पृहाने सुया खाली ठेवल्या. त्या तळाशी ऊन पोचत नाही. तिथे हिरवं काही उगवत नाही. तिने लगदा काचेवर पसरला, आयोडीनचा थेंब टाकला. थेंब काळानिळा झाला. पिष्ट. शाळेतल्या मुलांना बटाट्यावर करून दाखवतात तोच प्रयोग. भिंग वाढवलं तशा दाण्याच्या पेशी दिसल्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांच्यावर जबड्यांच्या खुणा.

मटार होता.

डब्यात आज मटारचीच उसळ होती, म्हणून तिने टेबल पुसलं, सुया जाळून घेतल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि दुसरा नमुना घेतला. त्याच्याही पोटात हिरवं. तिसऱ्याच्याही. तिने शार्दूलला फोन लावला.

"बरणीत मटार पडले होते का रे?"

"कसे पडतील? दादरा बांधलेला असतो. मी काढतो न् परत बांधतो. आईची गाठ मला येते."

पडले असते तरी काय? मेलेला प्राणी खात नाही, असं ती स्वतःशीच पाढ्यासारखं म्हणत राहिली. जाळ्यात आला तेव्हा मेला. स्पिरिटमध्ये पुन्हा मेला. फ्रीजरमध्ये होता. गाळणीतून गाळला. मेलेला प्राणी खात नाही.

त्याच दिवशी तिने ती बरणी मोरीत ओतायला हवी होती. शहाण्या बाईने तेच केलं असतं. पण डाव्या जबड्याचं चित्र अर्धं राहिलं होतं, आणि अर्ध्या चित्रावरून उठणं तिच्या स्वभावात नव्हतं.

५

शार्दूल आधीपासून खाण्यातला होता. इंदूरचा माणूस खाण्यातला नसेल तर त्याला लोक डॉक्टरकडे नेतात. पण हल्ली त्याची भूक वेगळीच झाली होती. पोह्यांची परात समोर घेऊन बसायचा. वर जिलबी, वर कचोरी, वर रात्रीचा थंड भात. घास चावायचा नाही. खाताना त्याच्या घशातून एक ओला, घाईचा आवाज यायचा, तो ऐकून स्पृहा ताट घेऊन आतल्या खोलीत जायला लागली. नवऱ्याचं खाणं बघवेना, हे तिला स्वतःलाही लाजिरवाणं वाटायचं.

"पोराला अन्न लागतंय, चांगलंच आहे ना," शोभनाताई वाढत वाढत म्हणायच्या. "नजर नको लावू."

"आई, त्या हजेरीच्या मशीनवर माझा अंगठाच लागत नाहीये," तो तोंडात घास असताना म्हणाला. "दहाही बोटं लावून बघितली. मॅनेजर म्हणतो, आता रजिस्टरवर सही कर. थंडीत सालटं जातात, यार. सगळ्यांचीच जातात."

स्पृहा ऐकून कॉलेजात गेली. थर्मासमधून एक नमुना काढला, पोट उघडलं. या वेळी हिरवं नव्हतं. पांढुरकं, पातळ, घडी पडलेलं काहीतरी होतं. तिने सुईने घडी उलगडली आणि डोळा भिंगाला लावला.

एकमेकींना समांतर, वळत जाणाऱ्या रेघा. रेघांवर ओळीने बारीक छिद्रं, घामाची. ती बोटाची कातडी होती.

आधी तिने स्वतःची बोटं भिंगाखाली धरली, एकेक करून. सगळ्या रेघा जागच्या जागी. माझीच असती तर बरं झालं असतं, हा विचार तिच्या मनात आला आणि त्याच क्षणी जन्मात कधी न आलेली ती गोष्ट आली. आधी तोंडाला पाणी सुटलं, खारट. मग जिभेखालून काहीतरी वर चढलं. ज्या वासाला ती ताजा म्हणत होती, तोच आता नाकात, केसांत, डब्यातल्या पोळीला येत होता. ती बेसिनपाशी ओणवी झाली आणि पोटात काही उरेनासं होईपर्यंत थांबली नाही. देव विसरला नव्हता. त्याने सगळी किळस एकाच दिवसासाठी साठवून ठेवली होती.

ताटलीत त्या पोट फाडलेल्या प्राण्याचे उजवे पाय उचलले गेले आणि हळूच परत पोटाशी गेले. तिने त्यांना हात लावला नव्हता.

६

भर दुपारी ती स्कूटी घेऊन सांवेर रोडला गेली. शार्दूल ऑफिसात नव्हता, कचोरी आणायला बाहेर गेलाय, असं वॉचमनने सांगितलं. तिला तो ओळखत होता, त्याने चेंबरचं दार उघडून दिलं.

पट्ट्यांचा पडदा अंगावरून सरकला. तिने श्वास रोखूनच बरणी गाठली. दादरा जागेवर होता, गाठ जशीच्या तशी. फक्त मधोमध कापड विरलं होतं, धाग्यांची टोकं आतून बाहेर वळलेली. तिने फोनचा उजेड आत टाकला. पाणी स्वच्छ होतं. आत काहीच नव्हतं.

शार्दूलने संपवले असतील. थर्मासातून आणले ना इतके दिवस, तेच सगळे. हे वाक्य मनात पुरतं व्हायच्या आत तिला आधार हवा झाला, म्हणून तिने शेजारच्या पोत्यावर हात टेकला, आणि हात आत गेला.

पोतं फाटलं नव्हतं. ते दबलं, रिकाम्या उशीसारखं. तिने शिवण उसवली. मटार होते. गोल, हिरवेगार, एकूण एक दाणा शाबूत. एक चिमटीत धरला, तर नुसतं साल. आत हवा. दुसरा, तिसरा, मूठभर. तिने दुसरं पोतं ढकललं, एरवी ज्याला दोन माणसं लागतात ते एका हाताने सरकलं. छतापर्यंत रचलेली ती थप्पी आता फक्त उभी होती.

पंख्यांच्या घरघरीखाली आणखी एक आवाज होता. सुपात तांदूळ हलवावेत तसा, बारीक, पुष्कळ ठिकाणांहून येणारा. ती थांबली की तो थांबायचा.

तिच्याच लेखाच्या पहिल्या पानावर तिनेच कौतुकाने लिहिलं होतं. मेलेला देवमासा तळाला जातो तेव्हा हे प्राणी मिळेल त्या फटीतून आत शिरतात. मऊ ते सगळं खातात आणि कातडीला धक्का लावत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला मासा कित्येक दिवस अख्खाच दिसतो.

पण देवमासा मेलेला असतो, ती मोठ्याने म्हणाली. खोलीने ते ऐकून घेतलं.

ती बाहेर पळाली. गेटपाशी शार्दूल उभा होता, हातात कचोरीचा पुडा, गाल भरलेले.

"अगं, तू कशी इकडे?"

"हात दाखव."

त्याने पुडा बगलेत धरून दोन्ही तळवे पुढे केले. बोटांची टोकं चमच्याच्या पाठीसारखी गुळगुळीत होती. अंगठ्याच्या बुडाशी एक चीर होती, शर्टाच्या काजाएवढी, सरळ. तिच्यात रक्त नव्हतं.

"हे दुखत नाही?"

"नाही गं. उलट आराम आहे. कंबर धरायची ना माझी, गुडघे बोलायचे, सगळं बंद. एकदम हल्का वाटतं आजकाल."

"चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता, दवाखान्यात."

"चल ना. पण रस्त्यात कुठेतरी थांबू, यार. भूक लागलीय."

७

ती स्कूटीवर बसली, पाय रस्त्यावर रोवले आणि तो बसायची वाट पाहत राहिली. ऊन डोक्यात शिरत होतं. मागे काहीच हललं नाही.

"बस ना लवकर."

"बसलोय की."

तिने आरशात पाहिलं. तो बसलेला होता. तोच भरलेला चेहरा, तीच ढेरी, कपाळावर घामाचा थेंब नाही. आरशात तो हसला. तिने गाडी सुरू केली.

रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला स्कूटी एकट्या बाईची असावी तशी उडत होती. त्याबद्दल बोललं तर ते खरं होईल असं स्पृहाला वाटत होतं. दवाखाना, मग मोठा डॉक्टर, मग मुंबई, लागलं तर घर विकू, एवढंच ती मनात घोकत होती. माणूस वाचला पाहिजे. याच माणसासाठी ती समुद्र सोडून आली होती.

"अरे, धीरे धीरे," मागून तो म्हणाला, आणि तोल सावरायला त्याने दोन्ही हातांनी तिची कंबर धरली.

हात गार होते. वाळत घातलेल्या शर्टाच्या बाह्या वाऱ्याने येऊन अंगाला लागाव्यात, तेवढाच त्यांचा भार. हे हात झटकून टाकावेत, गाडी इथेच सोडून पळत सुटावं, असं तिला अगदी आतून वाटलं. लग्नानंतर ज्या हातांवर डोकं ठेवून ती झोपली होती, त्या हातांची तिला किळस येत होती, आणि त्या किळसेची तिला लाज वाटत होती.

सिग्नल लाल झाला. ती थांबली. मागे ट्रक, शेजारी रिक्षा, कुठेतरी कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिने डोळे मिटले, हँडलवरचा डावा हात काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्याला सोडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिने तो हात घट्ट, अगदी घट्ट दाबला.

तिच्या बोटांखाली तो हात दबत गेला. हाडापर्यंत गेली असती एवढी बोटं आत गेली. आणि आतलं काहीतरी, पुष्कळसं काहीतरी, त्या दाबाखालून लगबगीने बाजूला झालं आणि मनगटातून कोपराकडे सरकत गेलं.

"ए, नको ना," शार्दूल तिच्या मानेजवळ खुदकन हसला. "गुदगुल्या होतात."